‘तू कसला चाहता?’ हे वाक्य आधी काढ

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतची स्क्रीनशॉट्सची चळत, दोन्ही नीट वाचलं. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, म्हणजे चाहत्यांचा ‘बॉस’, याच्या गाण्यांसाठी जमलेली माणसं रेगन, ओबामा, ट्रम्प यांच्यावरून एकमेकांची उणीदुणी काढतायत, निम्मे लोक गप्प झालेत, दोन जुनेजाणते सभासद ग्रुप सोडून गेलेत. ग्रुपची जबाबदारी तुझ्या गळ्यात, त्यामुळे दोन्ही बाजू तुलाच बोल लावतायत. ‘राजकारण बंद’ अशी पाटी लावू का, असं तू विचारतेस. नको लावूस. का ते सांगते. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी ते भांडण पेटलं कसं ते बघ. कुणीतरी मे २०२५मधल्या मँचेस्टरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला. तोच, ज्यात बॉसने आपल्या देशाचं सरकार भ्रष्ट आणि नालायक आहे असं रंगमंचावरून सुनावलं आणि मग ट्रम्प यांनी त्याला वाळलेल्या आलुबुखाराची उपमा दिली. त्यावर पहिला मेसेज: ‘गाणी गा, भाषणं आवरा.’ दुसरा: ‘मग इतकी वर्षं तू ऐकत काय होतास?’ तिसरा: ‘मी १९७८पासून ऐकतोय, तेव्हा तुझे आईवडील शाळेत होते.’ चौथा: ‘मग तर जास्तच लाज वाटायला हवी.’ पाचवा: ‘खरा चाहता असं बोलणारच नाही.’ त्यानंतर पेट्रोलचे भाव, महागाई, सीमेवरची भिंत, सगळं आलं आणि पहाटेपर्यंत चाललं. पण पहिल्या पाच मेसेजांत एकाही अध्यक्षाचं नाव नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? भांडण जुंपलं ते या घरात बसायचा हक्क कुणाचा, यावरून. अध्यक्ष नंतर आले, हाताशी लागलेल्या दगडासारखे.

पहिला मेसेज मला अजिबात वावगा वाटत नाही. तिकिटाला एवढे पैसे मोजून आलेला माणूस ‘मला गाणी हवीत’ म्हणाला, तर ते कार्यक्रमाबद्दलचं मत झालं. दुसऱ्या मेसेजमध्ये खोच आहे, पण मुद्दाही आहे. गाडी रुळावरून घसरली ती पाचव्यात. तुला लक्ष ठेवायचंय ते तिथे.

हे भांडण नवं नाही. १९८४च्या सप्टेंबरची गोष्ट. जूनमध्ये बॉसचा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हा गाजलेला अल्बम आला होता. त्याच्या शीर्षकगीताचं ध्रुवपद ऐकून लोक मुठी उंचावत होते, आणि कडव्यांमधला व्हिएतनामहून परतलेला, कुठेच नोकरी न मिळणारा माणूस बहुतेकांच्या कानांवरून जात होता. जॉर्ज विल नावाचे एक उजवे स्तंभलेखक कानात कापूस घालून त्याच्या कार्यक्रमाला जाऊन आले आणि कष्टाळू, देशावर प्रेम करणारा कलावंत म्हणून त्यांनी त्याच्यावर कौतुकाचा लेख लिहिला. १९ सप्टेंबरला रेगन प्रचारासाठी आपल्या न्यू जर्सीत आले, हॅमंटनला. ब्लूबेरीच्या शेतांचं ते गाव. तिथल्या भाषणात त्यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं: तरुण अमेरिकन ज्याला मानतात त्या न्यू जर्सीच्या सुपुत्राच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे, अशा अर्थाचं काहीतरी.

बॉस चिडला. दोन-तीन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात तो म्हणाला, अध्यक्षांनी माझं नाव घेतलं म्हणे, त्यांचा आवडता अल्बम कोणता असेल याचा विचार करतोय. आणि मग त्याने कारखाना बंद पडल्यावर दारू पिऊन खून करणाऱ्या माणसाचं गाणं सुरू केलं. इथपर्यंत ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठ असतं. पुढचं थोड्यांना आठवतं: काही दिवसांतच डेमोक्रॅट उमेदवार वॉल्टर मॉन्डेल यांनी स्प्रिंगस्टीनचा पाठिंबा आपल्याला आहे असं जाहीर करून टाकलं, आणि तसा पाठिंबा दिलेलाच नसल्यामुळे त्यांच्या प्रचारकांना ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे ओढाताण दोन्हीकडून झाली.

आणि नोव्हेंबरात काय झालं? रेगन यांनी ५०पैकी ४९ राज्यं जिंकली. न्यू जर्सीत त्यांना साधारण ६० टक्के मतं पडली. त्या वर्षी तो अल्बम घराघरात वाजत होता. विकत घेणारे आणि रेगनना मत देणारे हे दोन वेगळ्या ग्रहांवरचे लोक होते असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. माझ्या शेजारच्या घरात दोन्ही होतं: अंगणात रेगन-बुशची पाटी आणि गॅरेजमधल्या टेपरेकॉर्डरवर दिवसभर बॉस. त्या शेजाऱ्यानेच मला पहिल्यांदा त्याची गाणी ऐकवली. मी नुकती भारतातून आले होते, उच्चार कळायचे नाहीत, आणि तो मोटारीखालून डोकं बाहेर काढून एकेक ओळ सांगायचा. गाण्यातली गिरणी कुठली, रस्ता कुठला, सगळं. त्याला ‘तू कसला चाहता’ असं विचारणारं कुणी भेटलं असतं, तर पाना फेकून मारला असता त्याने.

आजचंही बघ. बॉस जन्मला लाँग ब्रँचला, वाढला फ्रीहोल्डला, राहतो कोल्ट्स नेकला. सगळं मॉनमथ काउंटीत. त्या काउंटीने २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा ट्रम्प यांना जास्त मतं दिली. पूर्ण राज्यात २०२०मध्ये बायडन सुमारे १६ टक्क्यांच्या फरकाने पुढे होते, २०२४मध्ये कमला हॅरिस जेमतेम ६च्या. म्हणजे तुझ्या ग्रुपमध्ये ‘असले लोक आपल्यात आलेच कसे’ म्हणून जे चकित होतायत, ते बॉसच्या गल्लीबद्दलच बोलतायत.

क्रिस क्रिस्टी तर माहीतच आहेत तुला. रिपब्लिकन, २०१० ते २०१८ आपले गव्हर्नर, आणि बॉसच्या शंभराहून जास्त कार्यक्रमांना हजेरी लावलेला माणूस. बॉस त्यांना वर्षानुवर्षं हिंग लावूनही विचारत नव्हता. २०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने किनारा धुऊन नेला, मदतनिधीच्या कार्यक्रमात दोघांची भेट झाली, मिठी मारली, मग ओबामांनी त्या दोघांचं फोनवर बोलणं करून दिलं. घरी जाऊन रडलो, हे क्रिस्टींनी स्वतःच सांगितलं. जानेवारी २०१४मध्ये मात्र त्यांच्या माणसांनी मुद्दाम घडवलेल्या पुलावरच्या वाहतूककोंडीचं प्रकरण क्रिस्टींवर शेकलं, तेव्हा त्याच बॉसने टीव्हीवर जिमी फॅलनच्या शेजारी उभं राहून आपल्याच गाण्याच्या चालीवर त्यांची रेवडी उडवली. क्रिस्टी चाहते राहिलेच. एकतर्फी प्रेमाचा हा प्रकार मला गमतीदार वाटतो, पण त्यात एक शहाणपण आहे: आपलं गाण्यावर प्रेम आहे, गाणाऱ्याचं आपल्यावर असलंच पाहिजे असं कुठे आहे?

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? १९९६मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार पु. ल. देशपांड्यांना मिळाला, त्यांनी तो देणाऱ्या युती सरकारलाच चार शब्द सुनावले, आणि बाळासाहेब ठाकरे जाहीरपणे उखडले. म्हणून काय शिवसैनिकांच्या घरांतून पु. लं.च्या कॅसेट बाहेर गेल्या? माझ्या माहेरी तरी नाही गेल्या. भाऊ शाखेत जायचा आणि रात्री जेवताना कॅसेट लावायचा.

आता अध्यक्षांबद्दलच्या त्या लांबलचक भांडणाकडे येते. तुझे सभासद ज्या गाण्यांच्या नावाने भांडतायत, ती गाणी मुळात बंद पडलेल्या कारखान्यांबद्दल आहेत. ते कारखाने कोणाच्या काळात बंद पडले ते बघू. फ्रीहोल्डची गालिच्यांची गिरणी, जिथे त्याच्या वडिलांनी काम केलं, ती १९६०च्या दशकात गेली. काम दक्षिणेकडच्या राज्यांत हललं. ओहायोतल्या यंगस्टाउनचा पोलादाचा मोठा कारखाना बंद होणार ही घोषणा झाली १९ सप्टेंबर १९७७ला, तेव्हा कार्टर अध्यक्ष. पिट्सबर्गला रेगनना टोला म्हणून जे गाणं गायलं, त्यातला महवाहचा फोर्डचा कारखाना खरोखरीचा, आणि तो बंद झाला १९८०मध्ये. तेव्हाही कार्टरच. आणि एडिसनमधला फोर्डचा कारखाना, जिथेही त्याच्या वडिलांनी काही काळ काम केलं, तो २००४मध्ये बंद झाला, धाकट्या बुशच्या काळात. रूट १वरून भाजी-किराण्याला जाताना आपले निम्मे मराठी लोक त्या जागेवरून जातात आणि कुणाला पत्ता नसतो.

हे सगळं एका अध्यक्षाच्या खात्यावर टाकता येतं का? स्वस्त आयात, यंत्रं, कमी मजुरीची राज्यं आणि देश, कंपन्यांच्या मालकांचे निर्णय, व्याजदर, यांची ती तीस-चाळीस वर्षांची बेरीज आहे. गाण्यांना ते कळतं. त्यांत अध्यक्षाचं नाव नसतं, फोरमन असतो, बायको असते, बँकेचं कर्ज असतं. भांडणाऱ्यांना मात्र एक चेहरा लागतो.

तुझ्या ग्रुपमधला तो महागाईचा वाद घे. एक म्हणतो रेगननी महागाई मोडली, दुसरा म्हणतो रेगननी कामगार मोडला. १९८०मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या वर होती. ती मोडायला फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. तिथे बसलेले पॉल व्होल्कर यांना नेमलं होतं कार्टर यांनी, १९७९मध्ये. त्याचा फटका कार्टरना १९८०च्या निवडणुकीतही बसला. १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली, रेगन यांची लोकप्रियता घसरली, तरी त्यांनी व्होल्करना काढलं नाही, उलट १९८३मध्ये पुन्हा नेमलं. तोवर महागाई ३ टक्क्यांच्या आसपास आली होती. तर श्रेय कुणाचं आणि पाप कुणाचं? या प्रश्नावर दोन शहाणी माणसं रात्रभर बोलू शकतात, आणि बोलावं. तुझ्या ग्रुपमध्ये मात्र रात्रभर दोन नावंच एकमेकांवर आपटत होती. व्होल्कर हे नाव मी शोधून शोधून दमले, एकदाही आलं नाही.

लोकप्रियतेच्या आकड्यांचंही तेच. गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत १९५२मध्ये अध्यक्ष ट्रुमन २२ टक्क्यांवर होते, आज इतिहासकार त्यांना वरच्या रांगेत बसवतात. धाकटे बुश सप्टेंबर २००१मध्ये ९० टक्क्यांवर होते आणि २००८मध्ये २५वर. सी-स्पॅन या वाहिनीने इतिहासकारांकडून करून घेतलेल्या अध्यक्षांच्या क्रमवारीत २०००मध्ये एकोणिसाव्या शतकातले ग्रँट ३३वे होते, २०२१मध्ये २०वे. ग्रँट तर १८८५मध्येच वारले होते. या २१ वर्षांत त्यांनी नवीन काय केलं असेल? आज ज्यांच्या नावाने मैत्र्या तुटतायत त्यांच्याबद्दल आणखी तीस वर्षांनी काय म्हणतील, यावर मी एक डॉलरही लावणार नाही.

एक आपल्या घरचं. ग्रुपमधल्या दोन-तीन भारतीय सभासदांनी ‘आपल्यासाठी चांगला अध्यक्ष कोण’ हा फाटा फोडलाय, तोही वाचला. त्यांना एवढंच दाखव: १९४६मध्ये ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने भारतातून वर्षाला १०० माणसांना प्रवेश मिळू लागला. शंभर! राष्ट्रवार कोट्याची ती जुनी पद्धत गेली १९६५मध्ये. जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी बसून सही केली, आणि तुझ्या आजोबांच्या पिढीतले इंजिनिअर, डॉक्टर आले. तुझ्या बाबांना ज्यावर येता आलं तो एच-वन-बी व्हिसा १९९०च्या कायद्यातला, थोरल्या बुश यांच्या सहीचा. दोन सह्या डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. आणि त्याच जॉन्सननी व्हिएतनामात पाच लाखांहून अधिक सैनिक उतरवले, ज्या युद्धातून परतलेल्या माणसांवर बॉसची निम्मी कारकीर्द उभी आहे. एका माणसाच्या एकाच पेनातून हे सगळं निघतं. त्याला देव करणाऱ्यालाही अडचण, सैतान करणाऱ्यालाही.

म्हणून ‘राजकारण बंद’ नको म्हणते. बंद करणार तरी काय? २००४मध्ये बॉस डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरीसाठी दौऱ्यावर निघाला, २००८मध्ये ओबामांसाठी गायला, २०२४मध्ये हॅरिससाठी उभा राहिला. मँचेस्टरच्या कार्यक्रमाबद्दल बोलायचं आणि त्याच्या बोलण्याबद्दल नाही, हे जमणारं नाही. शिवाय अशी बंदी सगळ्यांना सारखी लागतच नाही. आपल्याला पटलेलं वाक्य आपल्याला राजकारण वाटत नाही, न पटलेलं लगेच वाटतं. तुझं मत मला माहीत आहे, माझं तुला. तू कितीही तोलून वागलीस तरी पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ‘माझाच मेसेज काढला’ म्हणून येईल, आणि त्याचं अगदी चुकीचं नसेल.

नियम एकच लिही: इथे कुणाच्या चाहतेपणाचा पंचनामा होणार नाही. ‘खरा चाहता’, ‘तू कसला चाहता’, ‘तुला गाणं कळलंच नाही’ या धर्तीचं वाक्य आलं की मेसेज काढायचा, लिहिणारा तुझ्या बाजूचा असला तर आधी काढायचा. अध्यक्षांना हवं ते बोलू दे. सही, साल, कायदा, निर्णय यावर तुटून पडू दे. त्यांना मत देणाऱ्या समोरच्या माणसावर नाही. हे रोज पाळायला कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. रात्री अकरानंतर ग्रुप सकाळपर्यंत बंद ठेवायची सोय असेल तर वापर. मतमोजणीच्या रात्री तर कुलूपच घाल, त्या रात्री कुणी कुणाचं ऐकून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुझं मत तू जरूर मांड. पण नियम सांगणाऱ्या मेसेजमध्ये नको. एकात दोन्ही घातलंस की नियमही तुझ्या पक्षाचा होतो.

गप्प बसलेल्यांना डिवचू देऊ नकोस. ‘आता जो बोलत नाही तो सामील’ असं कुणीतरी लिहिलंय, ते वाचून मला राग आला. जून २०२५पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची आपली खाती तपासणीसाठी खुली ठेवायला सांगितलंय. तुझ्या ग्रुपमध्ये पुण्याहून, नाशिकहून शिकायला आलेली पोरं आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे असलेले लोक आहेत. त्यांनी काय लिहावं आणि काय नाही हे नागरिकत्व खिशात असलेल्यांनी ठरवू नये. हे तू उघड लिही, नावं न घेता.

आणि जे दोघे निघून गेले त्यांना मेसेज नको, फोन कर. त्यातला तो १९७८वाला; त्याचं मला वाईट वाटतंय. त्याला परत ये म्हणू नकोस. १९७८चा कुठला कार्यक्रम पाहिला होता, कुणाबरोबर गेला होता, ते विचार आणि ऐक. ‘खरा चाहता असं बोलणार नाही’ हे ग्रुपमध्ये कुणी लिहायला नको होतं, एवढं मात्र ग्रुपची व्यवस्था पाहणारी म्हणून त्याला स्पष्ट सांग. तो मँचेस्टरच्या भाषणावरून पुन्हा सुरू झाला तर होऊ दे, वाद घालावासा वाटला तर घाल. आला तर आला.

पाचवा मेसेज लिहिणाऱ्या मुलालाही वेगळं गाठ. तो तुझ्याच वयाचा दिसतोय आणि मनाने वाईट वाटत नाही. कडवी गाणाऱ्याइतकीच पाठ आहेत त्याला. त्याला महवाहच्या कारखान्याचं साल सांग आणि तेव्हा अध्यक्ष कोण होतं ते विचार. बघ काय म्हणतो.

नियमाचा मसुदा लावण्याआधी मला पाठव. शनिवारी दुपारी मी घरीच आहे, काका गोल्फला जातील, निवांत बोलता येईल.

तुझी,
काकू